चेकरचं काय करायचं

"ताई, मत नक्की कुठं द्यायचं?"

"कुठं म्हणजे?"

"म्हणजे मी जुन्या खोलीत दिलंय. ईमेलवर दिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी वेगळंच मतदान काढलंय, तिथंही देऊन टाकलं. आता नव्या दालनातपण देऊ का?"

"सगळीकडं एकच मत दिलंस ना?"

फोनवर तौसीफच्या मागं मिक्सर फिरत होता.

"व्हॉट्सअ‍ॅपवर चुकून अंगठा लागला," तो म्हणाला. "पण ते धरू नका."

म्हणजे आम्ही कुठं बोलायचं हे ठरवायला जमलो होतो, आणि ते कुठं बोलून ठरवायचं हेच ठरत नव्हतं. मी समन्वयक होते. समन्वयक म्हणजे ज्याला सगळे एकच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी विचारतात तो माणूस.

नाही, इथून नको. आधी 'थांबा' काय होतं ते सांगते.

'थांबा' हे एसटीच्या थांब्यांचं अ‍ॅप होतं. कुठल्या फाट्यावर उतरायचं, गाडी गावात जाते की बाहेरच सोडते, परतीची गाडी समोरून मिळते की मागच्या चौकातून. कुठल्याही कंपनीचं नाही. ज्याला वाटेल त्यानं त्याचा प्रोग्रॅम उघडून पाहावा, सुधारावा, आपल्या गावचा थांबा त्यात भरावा. मी सांगलीत, तौसीफ मिरजेत, ग्रेस साळवे नगरकडं राहुरीला शाळेत शिकवायची, बाकीचे कुठं कुठं पसरलेले. आम्ही सगळे एका जागी कधी जमलो नाही. आमची जागा म्हणजे जुनी खोली.

जुनी खोली म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बास. त्या वेळी जो हजर असेल त्याला बोलणं दिसायचं, उशिरा येणाऱ्याला काहीच नाही. फोनवर ती धड उघडायची नाही. आणि सुट्टीत एका कॉलेजची मुलं थांबे भरायला येणार होती, सगळी फोनवाली. मीच त्यांच्या सरांना शब्द दिला होता. म्हणून जुनी खोली सोडायची, हे मीच मांडलं होतं. नवं दालन तौसीफनं शोधलं. रंगीत, नीटनेटकं, मागचं सगळं बोलणं जपून ठेवणारं, आपल्यासारख्याच लोकांनी फुकट बनवलेलं.

सगळ्यांना पसंत होतं. अडलं एकाच ठिकाणी.

चेकर.

 

जुनी खोली. रोजचं.

ग्रेस: आंबेवाडी, नवा थांबा भरला.
चेकर: नोंद अपुरी. गाव की फाटा?
ग्रेस: फाटा.
चेकर: नोंद तपासली. ठीक.
ग्रेस: धन्यवाद चेकर.

एवढंच. कुणी नोंद भरली की चेकर यायचा, कधी लगेच, कधी तासाभरानं. चार-दोन वाक्यं त्याला येत होती, तीच फिरवून बोलायचा. "नोंद तपासली. चुकीची. पूल ओलांडल्यावर." आम्ही मुकाट्यानं दुरुस्त करायचो. एरवी एका स्वल्पविरामावरून दोन दिवस वाद घालणारी माणसं आम्ही, पण चेकरशी कोण भांडणार? तो प्रोग्रॅम होता, आपोआप बोलणारा बॉट. हणमंतदादांनी लिहिलेला.

हणमंत देवकुळे, कराडचे. 'थांबा' मुळात त्यांनी सुरू केला. ग्रेस नवीन आली होती तेव्हा तिनं एक थांबा गावात टाकला, गाडी तिथं जातच नव्हती. एक बाई लेकराला घेऊन फाट्यावर उतरली आणि भर दुपारी गावापर्यंत चालत गेली. तिच्या भावाची तक्रार आली. त्यावर हणमंतदादांनी भर खोलीत ग्रेसला जे लिहिलं ते मी इथं उतरवणार नाही. ग्रेसनं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "मी शाळेत शिकवते. मी मुलांनाही असं बोलत नाही." सगळ्यांनी दादांना सांगितलं, माफी मागा. त्यांनी लिहिलं, "यापुढं मी इथं बोलणार नाही."

आणि नाही बोलले. ईमेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. ग्रेस राहिली. चेकर राहिला.

आता चेकरला नव्या दालनात न्यायचं तर त्याचा प्रोग्रॅम हवा, आणि तो दादांकडं. तौसीफ म्हणाला, "त्यात काय, मी लिहितो दुसरा." लिहिला. त्या दुसऱ्या चेकरनं पहिल्या दिवशी सांगली बसस्थानक चुकीचं ठरवलं.

"जरा उत्साह जास्त झालाय त्याला," तौसीफ म्हणाला.

चेकरशिवाय पोरांच्या हाती अ‍ॅप द्यायचं म्हणजे पुन्हा कुणीतरी बाई, पुन्हा कुठलातरी फाटा. चेकर येणार नसेल तर माझा शब्द गेला. आणि येणार असेल तर कसा, हे मला कळत नव्हतं.

 

जुनी खोली. दुपार. मी एकटी.

चहाचा कप हातात होता आणि खोलीत कुणी नव्हतं. माणूस रिकाम्या घरात मांजराशी बोलतो तसं मी लिहिलं,

यामिनी: चेकर, तुला न्यायचंय रे. तू कुणाकडं असतोस?
चेकर: नोंद अपुरी.
यामिनी: हो बाबा, अपुरीच आहे. नव्या घरी येशील का?
चेकर: नोंद अपुरी.

मला हसू आलं. मी पुढं लिहीत राहिले. कपातला चहा संपेपर्यंत करायचं काय दुसरं?

यामिनी: तिथं तुझ्या नावापुढं 'बॉट' अशी पट्टी लागेल. आणि खाली तुला कोण चालवतं त्याचं नाव. नियमच आहे तिथला.

मी कप धुवून आले.

चेकर: का?

मी पडद्यासमोर उभीच राहिले. 'का' हा शब्द चेकरला येत नव्हता. त्याची सगळी वाक्यं मला पाठ होती.

मी 'दादा?' असं लिहिलं आणि पुसलं. मग 'कोण?' असं लिहिलं, तेही पुसलं. माणसाला विचारतात तसं विचारायचं की यंत्राला, तेच कळेना. शेवटी लिहिलं,

यामिनी: हणमंतदादा, मी उद्या कराडला येते.
चेकर: नोंद तपासली. ठीक.

 

कराड. स्टँडवरचं बाकडं.

स्टँडसमोर त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, पण ते मला आत घेऊन गेले नाहीत. दोन चहा सांगून बाकड्यावर आले. केस पांढरे झाले होते. मी काय बोलायचं ते गाडीत ठरवून आले होते आणि ऐन वेळी तोंडातून भलतंच गेलं.

"तुम्ही बॉट आहात?"

"होता की आधी बॉटच," ते म्हणाले. "तुम्ही अ‍ॅपमधले रकाने बदललेत, तेव्हा मोडला. म्हटलं दुरुस्त होईपर्यंत हातानं करू."

"मग? दुरुस्ती?"

"चाललीय."

"दादा, ते रकाने बदलून किती काळ लोटला."

"चाललीय म्हटलं ना."

चहा आला. त्यांनी माझ्या ग्लासातल्या सायीकडं बघून पोऱ्याला चमचा आणायला लावला.

"मागं एकदा चेकर आठवडाभर फार रखडत होता," मी म्हणाले. "तौसीफ म्हणाला, सर्व्हरवर ताण आला असेल."

"ताण होताच. मुलीचं लग्न होतं. नगरकडचे पाहुणे, तिकडंच कार्य. मांडवात फोन घेऊन बसलो की बायको हिसकावून घ्यायची." ते जरा हसले. "तौसीफ हुशार आहे. कारण बरोबर काढलं त्यानं."

"पण कशासाठी हे सगळं?"

"हणमंत देवकुळे म्हणाला चूक आहे, की चार जण अंगावर. चेकर म्हणाला की दुरुस्त. वर धन्यवाद." त्यांनी ग्लास फिरवला. "ग्रेस तर रोज म्हणते."

"तिला माहीत नाही म्हणून म्हणते."

"म्हणूनच तर. माहीत झालं तर म्हणेल का?" मग ग्लास खाली ठेवून, "आणि त्या चार वाक्यांत शिवी बसत नाही गं. मी प्रयत्न केला होता. नाही बसत. मला ते बरं पडतं."

बिदाल की कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. दादांनी मान वळवून फलाट तपासला आणि परत माझ्याकडं वळले.

"तुझ्या त्या नव्या दालनात बॉटची पट्टी लावली तर ते खोटं. आजवर मी खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलं नाही, एवढंच. आणि खाली माझं नाव आलं की ग्रेस निघून जाईल. मी तिला एकदा घालवायला निघालो होतो, पुन्हा नाही घालवायची."

"मग माणूस म्हणून या. सरळ."

"बोलणार नाही म्हटलंय मी."

"मग मी काय करू?"

"मतदान करा," ते म्हणाले. "तुमच्यात असतं ना मतदान."

कुणाला सांगू नकोस असं ते म्हणाले नाहीत. पण चमचा परत देताना माझ्याकडं असं बघितलं की मी आपणहून म्हणाले, "नाही सांगत."

 

ईमेलवर: नवं दालन.
व्हॉट्सअ‍ॅपवर: व्हॉट्सअ‍ॅपच बरं.
नव्या दालनात: अर्थातच नवं दालन.
जुन्या खोलीत: बरोबरी. चेकरनं मत दिलं नव्हतं, बॉटला मत नसतं.

मग सगळ्यांनी फोनवर एकत्र बसून काय ते मिटवू असं ठरलं. अर्धे लोक जोडलेच गेले नाहीत. तौसीफ, ग्रेस, मी आणि शारजातले एक गृहस्थ, ज्यांचा आवाज फक्त 'हॅलो' म्हणण्यापुरता यायचा.

"माझं मत जुन्या खोलीला," मी म्हणाले.

"ताई," तौसीफ म्हणाला, "जुनी खोली सोडू या हे तुम्हीच मांडलंत."

"मत बदललं."

"कशावरून?"

"चेकर तिथंच चालतो."

"एका बॉटसाठी? मी लिहितोय की. आता सांगली स्टँड बरोबर दाखवतोय तो. तासगाव चुकीचं दाखवतो, पण होईल."

"नाही होणार तौसीफ."

"का नाही होणार ते तरी सांगा. तुम्ही कारण सांगत नाही, नुसतं नाही-नाही म्हणताय. बॉटला काय वाटणार आहे?"

मी काय सांगणार होते? बॉटला मुलगी आहे, बॉट सायीसाठी चमचा मागवतो? माझी गप्प राहण्याची जागा चुकली हे मला माझंच कळत होतं. शारजाहून 'हॅलो' आलं.

"नवं दालन घ्या," ग्रेस म्हणाली. ती इतका वेळ वह्या तपासत असावी, पानं उलटल्याचा आवाज येत होता. "पोरं फोनवर काम करणार. जुन्या खोलीत ती टिकायची नाहीत. यामिनी, तू शब्द दिलायस ना त्यांच्या सरांना?"

"दिलाय, पण चेकर—"

"चेकरला सांगून जाऊ. न सांगता नको."

तौसीफ हसला. "मी सांगतो हवं तर. निरोपसमारंभ करू. शाल, नारळ."

ग्रेस हसली नाही. "मी सांगेन," ती म्हणाली.

जुनी खोली. शेवटचं.

ग्रेस: आम्ही पलीकडं चाललोय. येते रे चेकर.
चेकर: नोंद तपासली. ठीक.

 

नवं दालन. पोरं आली. छान, उत्साही, भरभर काम करणारी पोरं. 'आमच्या आत्याच्या घराजवळ' असा एक थांबा पहिल्याच दिवशी भरला गेला. 'वडाच्या झाडाशी' असे बरेच. तौसीफचा चेकर सगळ्यांना ठीक म्हणत होता, कारण मागच्या चुकांवर वैतागून तौसीफनं त्याचा कडकपणा पार कमी केला होता.

मी सहज जुन्या खोलीत डोकावले. नवी नोंद पडली की त्याची सूचना जुन्या खोलीतही जायची, ती बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. खोलीत चिटपाखरू नव्हतं. आणि चेकर बोलत होता.

चेकर: नोंद अपुरी. कुणाची आत्या?
चेकर: नोंद तपासली. चुकीची. वड पडला.
चेकर: नोंद अपुरी.
चेकर: नोंद अपुरी.
चेकर: नोंद अपुरी.

कुणाला सांगत होते ते? तिथं ऐकणारं कुणी नव्हतं. मी एकेक वाक्य उचललं आणि नव्या दालनात माझ्या नावानं टाकायला लागले. यामिनी: वड पडला. यामिनी: गाव की फाटा?

आमच्या धंद्यात दोन खोल्यांमधले निरोप इकडून तिकडं नेणाऱ्या प्रोग्रॅमला पूल म्हणतात. मी पूल झाले. माणूस बॉटचं काम करत होता, आता त्याचं बोलणं पोचवायला मी बॉटचं काम करत होते, आणि खरा बॉट तौसीफच्या मांडीवर बसून तासगाव शोधत होता. कोण काय आहे याचा हिशेब मी सोडून दिला.

शिवाय चेकरशी कुणी भांडत नव्हतं, माझ्याशी सगळे भांडत होते.

"मॅडम, वड पडला कशावरून? आम्ही कालच पाहिला." मग मी जुन्या खोलीत जाऊन विचारायची, वड पडला कशावरून? उत्तर यायचं, "दोन वड आहेत." मी ते पलीकडं न्यायची. पलीकडून, "मग आमचा उभा असलेला धरा." मी ते अलीकडं आणायची. माझं घर, ऑफिस, जेवण सगळं त्या दोन खिडक्यांच्या मध्ये चाललं होतं.

मग ग्रेसनं बोरखळ फाटा भरला.

चेकर: नोंद तपासली. चुकीची. थांबा पुलाच्या अलीकडं.

मी पोचवलं. ग्रेसचं उत्तर लांबलचक आलं: नवा पूल झालाय, थांबा पलीकडं सरकलाय, मी स्वतः तिथं उतरले. मी त्याचं तात्पर्य करून नेलं.

यामिनी: नवा पूल झालाय म्हणते.
चेकर: कोण म्हणतं?
यामिनी: ग्रेस.

मी ऑफिसला पोचले.

चेकर: तिला विचार, जुन्या पुलावरून गाडी पूर्ण बंद आहे का. पावसाळ्यापुरती की कायमची. नीट विचार.

मी विचारलं. ग्रेसनं पुन्हा भलंमोठं लिहिलं, त्यात एका चालकाचं म्हणणं, एका दुकानदाराचं म्हणणं, आणि दोघांचं पटत नव्हतं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मी लिहिलं, "बंद आहे बहुतेक."

चेकर: बहुतेक म्हणजे?
यामिनी: दादा, मी मीटिंगमध्ये आहे.
चेकर: यामिनी, तू अर्धं सांगतेस. ती असं बोलणारच नाही. ती 'बहुतेक' म्हणत नाही कधी.
यामिनी: मग स्वतः या आणि विचारा तिला.

चेकर बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. जुन्या खोलीत नोंदी पडत होत्या, आत्या, वड, पाण्याची टाकी, आणि कुणीच काही म्हणत नव्हतं. घालवलंच मी त्यांना, असं वाटून मी दोन वेळा कराडचा नंबर फिरवला. उचलला नाही.

 

नवं दालन. दुपार.

*हणमंत देवकुळे सामील झाले.*

पट्टी नाही. चित्राच्या जागी नुसतं गोल. पोरांना नाव ठाऊक नव्हतं, कुणी तरी नमस्काराचे हात टाकले. तौसीफ काहीतरी लिहितोय असं दिसलं, मग लिहायचा थांबला. ग्रेसच्या नावापुढचा हिरवा ठिपका पेटलेला होता. मी तोच बघत बसले. तो विझला की संपलं.

हणमंत देवकुळे: नोंद अपुरी. बोरखळ. जुना पूल उन्हाळ्यात चालू असतो का?

तौसीफ: हे तर चेकरचं

असं अर्धंच आलं आणि त्यानं ते पुसलं.

ग्रेस साळवे: नोंद अपुरी नाही. पूर्ण आहे. वर सगळं लिहिलंय, नीट वाचा.

हणमंत देवकुळे: वाचलं. चालक एक म्हणतो, दुकानदार दुसरं.

ग्रेस साळवे: दुकानदाराला त्याच्या दुकानासमोर थांबा हवाय. चालक रोज जातो. कुणाचं धरायचं?

हणमंत देवकुळे: चालक कुठल्या आगाराचा?

ग्रेस साळवे: तुम्ही या आणि विचारा.

हिरवा ठिपका तसाच. माझा फोन वाजला.

"यामिनी," दादा म्हणाले. मागं स्टँडवरची घोषणा चालू होती. "ती भांडतेय माझ्याशी."

"मग मी काय करू? मध्ये पडू?"

"छे छे. नको."

"मग फोन कशाला केलात?"

"असाच. कुणाला तरी सांगावं म्हटलं." मग म्हणाले, "गेली नाही गं ती."

"नाही गेली."

"थांब. तिनं अजून काहीतरी लिहिलंय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पडद्याकडं पाहिलं.

ग्रेस साळवे: आणि मुलीचं लग्न नीट पार पडलं ना? कार्यालय आमच्या शाळेच्या मागंच. चेकर रखडत होता त्याच आठवड्यात फलकावर तुमचं नाव वाचलं होतं. तेव्हा विचारायचं राहून गेलं.